गोठ्यातली स्वप्ने आणि बांधावरचे भाकीत

नाशिक जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, मनमाडहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पसरलेला नांदगाव तालुका अवर्षणप्रवण म्हणून ओळखला जातो, आणि ज्या मुलखात सगळे वर्ष पावसावर अवलंबून असते तेथे माणूस आकाशाइतकेच प्राण्यांकडेही लक्ष देऊन पाहतो. टिटवीने अंडी कोठे घातली, कावळ्याने घरटे कोणत्या झाडावर बांधले, पावशा कधी ओरडू लागला, मुंग्यांनी आपली अंडी उचलून कोणीकडे नेली, यांवरून हंगामाचा अंदाज बांधण्याची रीत साऱ्या महाराष्ट्राप्रमाणे या भागातही पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. रात्री कुत्रे रडले तर कोणाचे तरी बरेवाईट होणार, पाल चुकचुकली तर चाललेले बोलणे खरे ठरणार, दारी आलेल्या नंदीबैलाने मान डोलावली तर मनातले काम होणार, अशा समजुती त्याच कुळातल्या आहेत. या सर्वांच्या मुळाशी एकच गृहीत असते, ते म्हणजे प्राण्याला माणसाहून काही अधिक कळते. हे गृहीत पुष्कळ अंशी खरे असले तरी ‘अधिक’ म्हणजे नेमके काय, याचा विचार क्वचितच केला जातो. तो करायचा झाल्यास आधी गोठ्यातल्या, अंगणातल्या आणि शिवारातल्या प्राण्याच्या मनात काय चालते, त्याला स्वप्न पडते का आणि स्वतःचे भान असते का, हे पाहणे आवश्यक ठरते, कारण ज्याच्या अंतरंगाची ओळखच नाही त्याच्या अंगी दिव्य शक्ती असल्याचे किंवा नसल्याचे सांगणे दोन्ही सारखेच उतावळेपणाचे आहे.

झोपलेला कुत्रा पाय झाडतो, बारीक भुंकतो, ओठ थरथरवतो, हे कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले असते. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वीच घोडे, कुत्री, बैल, शेळ्या व मेंढ्या यांना स्वप्ने पडतात असे नोंदवून ठेवले होते, आणि चार्ल्स डार्विननेही १८७१ साली हेच मत मांडले. मात्र या निरीक्षणाला शास्त्रीय आधार मिळण्यासाठी १९५३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी शिकागो विद्यापीठात यूजीन ॲसेरिन्स्की आणि नथॅनियल क्लाइटमन यांना असे आढळले की माणसाच्या झोपेत ठरावीक अंतराने एक अवस्था येते, जिच्यात मिटलेल्या पापण्यांआड बुबुळे झपाझप हलतात, मेंदूतील विद्युत्‌क्रिया जवळजवळ जागेपणीसारखी होते आणि याच वेळी उठवलेला माणूस बहुधा स्वप्न सांगतो. या अवस्थेला द्रुत-नेत्रचलन निद्रा म्हणतात. ती पुढे मांजर, उंदीर, गाय, घोडा अशा बहुतेक सस्तन प्राण्यांत आणि पक्ष्यांतही सापडली.

बैलाच्या बाबतीत या शोधाला एक व्यावहारिक बाजू आहे. फ्रान्समधील तूलूझ येथील पशुवैद्यक इव्ह रूकबुश यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शेतावरच्या जनावरांच्या झोपेचे मोजमाप केले. गोठ्यातली गाय दिवसाकाठी खरी झोप सुमारे चारच तास घेते, सात-आठ तास ती नुसती पेंगत असते आणि या पेंगेत तिचे रवंथ करणे चालूच राहते, तर नेत्रचलन निद्रा एकूण पाऊण तासाच्या आसपास भरते, असे त्या मोजणीत दिसले. या पाऊण तासात मानेचे स्नायू सैल पडतात, म्हणून जनावराला पूर्ण बसून मान अंगावर किंवा जमिनीवर टेकवावी लागते, आणि उभ्या जनावराला ही झोप घेताच येत नाही. दावण इतकी आखूड असेल की मान टेकत नाही, गोठ्यात चिखल असेल, किंवा बाजाराच्या वाटेवर जनावरे मालमोटारीत दाटीने उभी केलेली असतील, तर इतर कोणत्याही विश्रांतीने भरून न निघणारी अशी ही झोप ती गमावतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी ज्याच्या खांद्याला हळद-तूप चोळले जाते त्या बैलाच्या मानेला वर्षभर पुरेसा कासरा मिळाला, तर त्याची स्वप्ने, ती असतील तशी, त्याला लाभतील.

त्या झोपेत खरोखर काय घडत असावे, याचा पहिला ठोस पुरावा फ्रान्समध्येच मिळाला. लिओन येथील मिशेल जूवे यांनी मांजरांच्या मेंदूचा अभ्यास करताना असे दाखवून दिले की स्वप्नाच्या अवस्थेत शरीराला निश्चल ठेवणारी यंत्रणा मेंदूच्या देठात, म्हणजे मेंदू व मज्जारज्जू यांना जोडणाऱ्या भागात असते. ही यंत्रणा निकामी केलेली मांजरे गाढ झोपेत उठून उभी राहत, दबा धरत, नसलेल्या भक्ष्यावर झडप घालत आणि अंग फुगवून नसलेल्या शत्रूला धमकावत. जागे असताना जे जीवन मांजर जगते त्याचाच हा अंतर्गत प्रयोग होता. जूवे यांचा हा प्रयोग आज वाचताना मन अस्वस्थ होते, कारण ज्या जिवाच्या अंतरंगाचा पुरावा मिळवायचा त्यालाच त्याची किंमत मोजावी लागली.

पुढचा पुरावा अधिक सूक्ष्म आहे. लंडनचे जॉन ओ’कीफ यांनी १९७१ मध्ये उंदराच्या मेंदूत अशा पेशी शोधल्या की ज्यांपैकी प्रत्येक पेशी उंदीर एखाद्या विशिष्ट ठिकाणी आला की उद्दीपित होते. या ‘स्थानपेशी’ मिळून प्राण्याच्या मेंदूत परिसराचा नकाशा तयार करतात, आणि या शोधासाठी ओ’कीफ यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील केनवे लुई आणि मॅथ्यू विल्सन यांनी वर्तुळाकार मार्गावर धावणाऱ्या उंदरांच्या या पेशींची नोंद घेतली आणि नंतर त्यांच्या झोपेतल्या नोंदींशी ती ताडून पाहिली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नेत्रचलन निद्रेचे चाळीसहून अधिक कालखंड तपासले गेले व त्यांतील जवळजवळ निम्म्यांत दिवसाच्या धावेचा क्रम पुन्हा उमटलेला आढळला. हे साम्य इतके नेमके होते की झोपलेला उंदीर त्या क्षणी ‘मार्गावर’ कोठे आहे हे सांगता येत होते. त्याआधी वर्षभर अमीश दवे आणि डॅनियल मार्गोलिएश यांनी झेब्रा फिंच या, आपल्याकडच्या मुनियांच्या कुळातल्या, गाणाऱ्या पक्ष्याच्या झोपेतही दिवसा गायलेल्या गाण्याचा मेंदूतील ठसा पुन्हा उमटतो, हे दाखवले होते. ब्राझील आणि जपान येथील संशोधकांनी २०२१ व २०२३ मध्ये अष्टपाद, म्हणजे ऑक्टोपस, झोपेत मिनिटभर त्वचेचे रंग झरझर बदलतो आणि त्या वेळी त्याच्या मेंदूची क्रिया जागेपणीसारखी असते, असे नोंदवले. माणसाचा आणि अष्टपादाचा समान पूर्वज ५० कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा आहे, हे ध्यानात घेतले तर झोपेतली ही हालचाल सजीवसृष्टीत किती खोलवर रुजली आहे याची कल्पना येते.

तरीही मेंदूत क्रम पुन्हा उमटणे आणि प्राण्याला ‘काहीतरी दिसणे’ या दोन गोष्टी एक नाहीत. पहिली मोजता येते, दुसरी अनुमानाने मानावी लागते, कारण उंदराला उठवून स्वप्न विचारता येत नाही. पण शेजारी झोपलेल्या माणसाचे स्वप्नही आपण त्याच्या सांगण्यावरूनच मानतो, आणि बोलू न शकणाऱ्या तान्ह्या मुलाला झोपेत हसताना पाहून त्याला काही जाणवत नसेल असे कोणी म्हणत नाही. शरीररचना सारखी, झोपेची अवस्था सारखी, वर्तन सारखे आणि मेंदूतील क्रम सारखा असताना केवळ भाषा नाही म्हणून अनुभव नाकारणे, हे सावधगिरीपेक्षा हट्टाच्या अधिक जवळचे आहे. भारतीय विचारपरंपरेत मांडूक्य उपनिषदाने जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुरीय अशा चार अवस्था सांगितल्या. त्यांपैकी पहिल्या तीन अवस्थांचे शारीरिक पुरावे आज गोठ्यातही मिळतात.

स्वतःच्या भानाचा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण ‘स्व’ या एका नावाखाली अनेक पातळ्या येतात. गॉर्डन गॅलप या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७० मध्ये चिंपांझींना भूल देऊन त्यांच्या भुवईवर आणि कानावर लाल खूण केली आणि जाग आल्यावर त्यांच्यापुढे आरसा ठेवला. चिंपांझींनी आरशातल्या प्रतिमेला हात न लावता स्वतःच्या अंगावरची खूण चाचपली, म्हणजे प्रतिमा आपलीच आहे हे त्यांनी ओळखले. त्यानंतर डॉल्फिन, मॅगपाय हा कावळ्याच्या कुळातला पक्षी आणि क्लीनर रास हा चिमुकला मासा या परीक्षेत उतरल्याचे अहवाल आले. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स प्राणिसंग्रहालयातील तीन आशियाई हत्तिणींची परीक्षा झाली आणि त्यांपैकी हॅपी नावाच्या हत्तिणीने कपाळावरची खूण सोंडेने वारंवार चाचपली. पुढे याच हॅपीच्या सुटकेसाठी, माणसाच्या बेकायदा कैदेविरुद्ध वापरली जाते तशी याचिका न्यायालयात गेली, ती न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने २०२२ मध्ये पाच विरुद्ध दोन मतांनी फेटाळली. महाराष्ट्रात २०२५ च्या जुलैत कोल्हापूर जिल्ह्यातील नांदणी येथील जैन मठाची महादेवी, म्हणजे लोकांची माधुरी हत्तीण, न्यायालयाच्या आदेशाने जामनगरच्या वनतारा केंद्रात नेण्यात आली, तेव्हा उसळलेल्या लोकभावनेत आणि तिच्या आरोग्याविषयीच्या युक्तिवादात दोन्ही बाजू तिच्या मनाविषयीच बोलत होत्या. ज्या प्राण्याला स्वतःची ओळख असू शकते त्याच्या बाबतीत हा विषय मालकी आणि देखभाल यांपाशी संपत नाही, याची जाणीव त्या वादाने मराठी समाजाला करून दिली.

आरशाची परीक्षा मात्र डोळ्यांवर जगणाऱ्यांसाठी आहे, आणि कुत्रा नाकावर जगतो. आरशापुढे तो थोडा वेळ भुंकतो आणि मग आरशाची दखल घेणेच सोडून देतो, यावरून त्याला स्वभान नाही असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २०१७ मध्ये कुत्र्यांना त्यांच्याच मूत्राचा गंध आणि त्याच गंधात काही मिसळून बदललेला गंध असे दोन्ही हुंगायला दिले, तेव्हा कुत्री बदललेल्या स्वगंधापाशी अधिक वेळ रेंगाळली. बुडापेस्टच्या संशोधकांनी २०२१ मध्ये आणखी साधी परीक्षा घेतली. कुत्रा ज्या चटईवर उभा आहे तिलाच खेळणे बांधले आणि ते मालकाला आणून द्यायला सांगितले. आपल्याच वजनामुळे चटई उचलली जात नाही हे ओळखून कुत्री चटईवरून खाली उतरली, पण खेळणे जमिनीला बांधलेले असताना तशी उतरली नाहीत. आपले शरीर जगातली एक वस्तू आहे आणि ते आड येऊ शकते, ही समज म्हणजे शरीरभान. माकडांत याहून वरची पातळी दिसली आहे. रॉबर्ट हॅम्प्टन यांच्या २००१ मधील प्रयोगात लाल तोंडाच्या माकडांना स्मरणाची परीक्षा द्यायची की टाळायची याची मुभा होती आणि ज्या वेळी त्यांना आठवत नसे त्या वेळी ती अधिक वेळा परीक्षा टाळत. आपल्याला काय ठाऊक आहे आणि काय नाही, याचे भान असल्याखेरीज हे शक्य नाही.

नांदगावच्या माळावर मेंढरे घेऊन फिरणाऱ्या धनगराला मेंढी चेहरा ओळखते हे सांगायला प्रयोगशाळेची गरज नाही. तरीही केंब्रिजजवळच्या बाब्राहम संस्थेत कीथ केंड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मेंढ्या ५० वेगवेगळ्या मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांपर्यंत लक्षात ठेवतात हे सिद्ध केले, तेव्हा ‘मेंढरासारखे’ हे विशेषण बुद्धिहीनतेसाठी वापरणाऱ्या समाजांना धक्का बसला. गावातल्या बेवारस कुत्र्यांविषयी कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत अनिंदिता भद्रा यांच्या गटाने केलेले काम तर आपल्या रस्त्यांवरचेच आहे. कोणतेही शिक्षण न मिळालेल्या या कुत्र्यांपैकी जी माणसाच्या जवळ आली त्यांतील सुमारे ८० टक्क्यांनी बोटाच्या खुणेवरून योग्य वाटी निवडली. माणसाच्या मनाकडे लक्ष ठेवून जगणे, हे या प्राण्याचे हजारो वर्षांचे कौशल्य आहे, आणि अतींद्रिय शक्तीचे पुष्कळसे दावे याच कौशल्यावर उभे आहेत.

तेथे जाण्यापूर्वी एका बिबट्याची नोंद घेणे योग्य ठरेल. २००९ मध्ये अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर परिसरात विहिरीत पडलेल्या नर बिबट्याला वनविभागाने बाहेर काढले आणि विद्या अत्रेय यांच्या अभ्यासगटाने त्याच्या गळ्यात उपग्रहाशी जोडलेला पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडले. शांत स्वभावामुळे आजोबा हे नाव मिळालेला हा प्राणी काही आठवड्यांत सुमारे १२० किलोमीटर चालला, कसारा रेल्वेस्थानकाजवळून गेला, मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला, वसईची खाडी पोहला आणि मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात स्थिरावला. त्याच्या चालीतली निश्चित दिशा पाहता तो आपल्या जुन्या मुलखाकडेच परतत असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. पुढे २०११ च्या अखेरीस वाहनाच्या धडकेने त्याचा मृत्यू झाला आणि कातडीखालच्या चिपवरून त्याची ओळख पटली. अत्रेय यांनीच जुन्नर भागात केलेल्या अभ्यासात, बिबटे पकडून दुसऱ्या जंगलात सोडल्यावर त्या परिसरात माणसांवरचे हल्ले वाढल्याचे दिसले होते. उसाच्या पट्ट्यात बिबट्यांचा वावर असलेल्या नाशिक जिल्ह्याने हे ध्यानात ठेवायला हवे, कारण ज्याच्या डोक्यात आपल्या मुलखाचा नकाशा आहे त्या प्राण्याला उचलून नेल्याने तो नकाशा पुसला जात नाही. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर खूण केलेली ऑलिव्ह रिडले कासवाची मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना आढळली, तेव्हा सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचा तिचा प्रवास अनेकांना चमत्कार वाटला. समुद्री कासवे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची तीव्रता व कल ओळखून दिशा ठरवतात, हे प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे. माणसाला नसलेले इंद्रिय आणि इंद्रियांपलीकडची शक्ती यांत असा फरक आहे.

आता नंदीबैलाकडे वळता येईल. गुबुगुबु वाजवत, झूल घातलेला बैल घेऊन गावोगाव फिरणारा तिरमली नंदीवाला समाज हा महाराष्ट्राच्या भटक्या जीवनाचा एक महत्त्वाचा भाग असून मानवशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला आहे. पाऊस पडेल का, लग्न ठरेल का, अशा प्रश्नांवर बैल मान हलवतो, आणि हे शिक्षण देण्यात त्या कुटुंबाची अनेक वर्षांची मेहनत असते. बैल मालकाच्या कासऱ्याची, सुराची आणि ढोलक्याची सूक्ष्म खूण ओळखतो, हीच त्याची विद्या. जर्मनीत विसाव्या शतकाच्या आरंभी हान्स नावाचा घोडा टापा आपटून बेरजा-वजाबाक्यांची उत्तरे देत असे आणि १९०४ मध्ये नेमलेल्या समितीलाही त्यात लबाडी सापडली नाही. ऑस्कर फुंग्स्ट या तरुण अभ्यासकाने मग दोन गोष्टी बदलल्या. त्याने प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल अशी व्यवस्था केली आणि घोड्याला विचारणारा दिसू नये म्हणून झापडे लावली. दोन्ही वेळा हान्स चुकला. योग्य आकडा आला की विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हलत असे आणि घोडा ती हालचाल टिपून थांबत असे. मालकालाही हे माहीत नव्हते. फुंग्स्टचे पुस्तक १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि तेव्हापासून प्राण्यांवरील गंभीर प्रयोगांत प्रयोग करणाऱ्यालाच उत्तर कळू न देण्याची काळजी घेतली जाते. घोड्याला गणित येत नव्हते, पण माणसाला स्वतःलाही न जाणवणारी त्याची हालचाल वाचता येत होती, आणि ही क्षमता गणिताहून कमी विलक्षण म्हणता येणार नाही.

मालक घरी यायला निघाला की कुत्र्याला ते दुरूनच कळते, हा दावाही याच पद्धतीने तपासला गेला. इंग्लंडमधील जेटी या कुत्र्याविषयी रूपर्ट शेल्ड्रेक यांनी अनेक चित्रफिती घेऊन मालकिणीच्या परतीच्या वेळी तो खिडकीत अधिक वेळ बसतो असे मांडले, तर रिचर्ड वाइजमन यांच्या गटाने मालकिणीने निघण्याची वेळ आयत्या वेळी ठरवून चार चाचण्या घेतल्या आणि १९९८ मध्ये दावा सिद्ध होत नसल्याचे प्रसिद्ध केले. मालकीण जितका अधिक वेळ बाहेर असेल तितका कुत्रा खिडकीकडे अधिक वेळा जातो, एवढ्यावरून तिच्या परतीच्या वेळी तो खिडकीत सापडणे स्वाभाविक ठरते, हे त्यांचे म्हणणे पटण्यासारखे आहे. महाराष्ट्राला अशा चाचणीची पद्धत अपरिचित नाही. २००८ मध्ये जयंत नारळीकर यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या सहकार्याने पुण्यात फलज्योतिषाची परीक्षा घेतली, तीत २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहिल्या आणि बरोबर उत्तरांचे प्रमाण ४६ टक्के, म्हणजे नाणेफेकीहून थोडे कमीच भरले. पिंजऱ्यातून बाहेर येऊन चिठ्ठी उचलणाऱ्या पोपटाचीही अशीच परीक्षा घेता येईल, फक्त त्या पोपटाला पिंजऱ्यात ठेवणे हाच वेगळा आणि अधिक गंभीर गुन्हा आहे, कारण देशी पोपट पाळणे भारतीय कायद्याला मान्य नाही.

भूकंपाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजण्याच्या सुमारास किल्लारी परिसर हादरला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. अशा प्रत्येक आपत्तीनंतर आदल्या रात्री कुत्री भुंकत होती, गुरे दावे तोडत होती, अशा आठवणी सांगितल्या जातात. भूकंपात दोन प्रकारच्या लहरी निघतात. पहिली, प्राथमिक लहर, वेगवान पण सौम्य असते आणि दुसरी, दुय्यम लहर, सावकाश पण विध्वंसक असते. पहिली लहर अनेक प्राण्यांना जाणवते आणि माणसाला बहुधा जाणवत नाही, त्यामुळे हादऱ्याआधी काही सेकंद प्राणी बिथरणे हे सहज समजण्यासारखे आहे. काही तास किंवा काही दिवस आधीच्या इशाऱ्याचा दावा मात्र त्याने सिद्ध होत नाही. इटलीतील लाक्विला येथील २००९ च्या भूकंपापूर्वी पाच दिवस आधी बेडकांनी प्रजननाचे तळे सोडले, अशी रेचेल ग्रँट यांची नोंद आहे, आणि मार्टिन विकेल्स्की यांनी इटलीतच गायी, मेंढ्या व कुत्र्यांच्या गळ्यात हालचाल मोजणारी यंत्रे बांधून १ ते २० तास आधी त्यांची अस्वस्थता वाढते असे २०२० मध्ये मांडले. उलट २००४ च्या त्सुनामीत श्रीलंकेच्या हत्तींनी आधीच पळ काढला ही जगभर पसरलेली कथा, उपग्रह-पट्टे बांधलेल्या हत्तींच्या प्रत्यक्ष नोंदींशी जुळली नाही. शेकडो नोंदी तपासणाऱ्या जर्मन शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये असा निष्कर्ष काढला की बहुतेक नोंदी घटनेनंतर आठवलेल्या आहेत आणि एरवी भूकंप नसतानाही प्राणी किती वेळा बिथरतात, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. किल्लारीच्या आठवणीही खोट्या नाहीत, पण जी रात्र भूकंपाशिवाय गेली त्या रात्रीचे भुंकणे कोणाच्या स्मरणात राहत नाही.

हवामानाच्या बाबतीत प्राण्यांची बाजू बरीच बळकट आहे. अमेरिकेतील टेनेसी राज्यात २०१४ च्या एप्रिलमध्ये गोल्डन-विंग्ड वॉर्ब्लर हे वटवट्यासारखे चिमुकले पक्षी टोर्नेडो वादळांच्या मालिकेआधी एक-दोन दिवस आपली जागा सोडून निघून गेले आणि वादळ सरल्यावर परतले. त्यांच्या अंगावरच्या सूक्ष्म यंत्रांनी ही सुमारे १,५०० किलोमीटरची फेरी टिपली. ते निघाले तेव्हा वादळ शेकडो किलोमीटर दूर होते. माणसाच्या कानाला न ऐकू येणारा, २० हर्ट्झपेक्षा कमी कंपनसंख्येचा अवश्राव्य ध्वनी वादळे निर्माण करतात आणि तो दूरवर पोहोचतो, आणि हाच त्या पक्ष्यांना इशारा ठरला असावा असे संशोधक मानतात. ब्राझीलमध्ये २०१३ साली झालेल्या प्रयोगांत हवेचा दाब उतरू लागताच काही कीटकांनी मीलनाचे प्रयत्न आवरते घेतले. मुंग्या अंडी हलवतात ती हवेतील व जमिनीतील बदलांमुळे, आणि सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त नजीकच्या पावसाच्या लक्षणांत मुंग्यांचे हे स्थलांतर नोंदवले आहे. काही तासांचे किंवा एखाद्या दिवसाचे असे भाकीत विश्वासार्ह मानायला हरकत नाही.

चार महिन्यांच्या हंगामाचे भाकीत मात्र तपासून घेतले पाहिजे. टिटवीने चार अंडी घातली म्हणजे चारही महिने पाऊस, असे मानले जाते, परंतु टिटवी साधारणपणे चारच अंडी घालते, दुष्काळी वर्षीही आणि सुकाळातही, त्यामुळे अंड्यांच्या संख्येत भविष्याची काहीच माहिती उरत नाही. उंच बांधावर घरटे केले तर अतिवृष्टी, नदीपात्रात केले तर अवर्षण, या समजुतीत विचार करण्याजोगा अंश आहे, कारण जागा निवडताना जमिनीचा ओलावा आणि मागच्या पुराचा अनुभव टिटवीच्या वर्तनावर परिणाम करू शकतो. पण हा ओलावा आजचा असतो, पुढच्या सप्टेंबरचा नसतो. पावशाचे ओरडणे हे विणीच्या काळातले साद घालणे असून दिवस मोठा होत गेला की त्याच्या शरीरातील संप्रेरके ते सुरू करतात. चातक मात्र वेगळा आहे. आफ्रिकेतून मान्सूनच्या वाऱ्यांबरोबर येणाऱ्या या पक्ष्याला २०२० मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेने उपग्रह-यंत्रे बसवली. तो पावसाचे भाकीत करत नाही, पावसाबरोबरच प्रवास करतो, आणि म्हणून त्याचे दर्शन हा मान्सूनच्या आगमनाचा खराखुरा संकेत ठरतो. कावळ्याच्या घरट्यासारखे अनेक लोकसंकेत मारुती चितमपल्ली यांनी आयुष्यभर जंगलात राहून टिपून ठेवले. ते टिपले गेले हे महाराष्ट्राचे भाग्य आहे, आणि त्यांची पारख करणे हे काम पुढच्या पिढीचे आहे.

येथे ज्ञानेश्वरांच्या रेड्याची आठवण अप्रस्तुत ठरणार नाही. पैठणला त्याच्या मुखातून वेद वदवले गेल्याची कथा आणि जुन्नरजवळील आळे येथील त्याची समाधी यांमागे वारकरी परंपरेने पाहिलेली गोष्ट प्राण्याची सिद्धी नव्हती. माणसाच्या पाठीवर आणि रेड्याच्या पाठीवर पडलेला फटका एकच, हा तिचा आशय होता. २०२४ च्या एप्रिलमध्ये अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी न्यूयॉर्कमध्ये काढलेल्या जाहीरनाम्यात सस्तन प्राणी आणि पक्षी यांच्या सचेतन अनुभवाला भक्कम शास्त्रीय आधार असल्याचे, आणि इतर पृष्ठवंशीय तसेच अनेक अपृष्ठवंशीय प्राण्यांत त्याची खरी शक्यता असल्याचे म्हटले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ च्या निकालात प्राण्यांचे जीवन व प्रतिष्ठा यांना संविधानाच्या अनुच्छेद २१ शी जोडले होते. २०२३ मध्ये बैलांच्या शर्यतींना घटनापीठाने मुभा दिली, तरी जनावराला वेदना व भीती असते हे त्यामुळे खोटे ठरत नाही.

नांदगाव तालुक्यातील शेतकऱ्यांना, शाळांना आणि पक्षिनिरीक्षकांना एक काम सहज करता येण्यासारखे आहे. एप्रिल ते जून या काळात टिटवीची घरटी, कावळ्याच्या घरट्याचे झाड व दिशा, पावशाची पहिली हाक आणि चातकाचे पहिले दर्शन यांची तारीख व ठिकाण वहीत लिहावे, त्यावरून बांधलेला अंदाजही पाऊस सुरू होण्याआधीच लिहून सही करून ठेवावा, आणि दिवाळीनंतर आपल्या महसूल मंडळातील पर्जन्यमापकाच्या आकड्यांशी तो ताडून पाहावा. चुकलेला अंदाज खोडू नये. घरटे पाहताना अंड्यांना हात लावू नये आणि टिटवी ओरडू लागली की मागे फिरावे. दहा वर्षे अशी वही चालली, तर बांधावरच्या भाकितात किती तथ्य आहे हे सांगायला नांदगावला दुसऱ्या कोणाच्या संशोधनाची वाट पाहावी लागणार नाही.